बाबांच्या आवाजात

आमच्या मुंगीला ऐकू येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण हेच इतक्या जणांना सांगून झालंय की आता कुणी विचारायच्या आधीच माझं डोकं फिरतं. तिचे कान ठणठणीत आहेत. तपासणीच्या बंद खोलीत अगदी बारीक शिट्टी वाजवली तरी ती बरोबर हात वर करते. अडचण पुढची आहे. आवाज कानातून आत जातो आणि आत गेल्यावर त्याचा गुंता होतो. वर्गात पंखा फिरत असला, बाकं सरकत असली, मागे दोघी कुजबुजत असल्या, की बाईंचं बोलणं आणि तो सगळा गोंगाट तिच्यापर्यंत एकाच मापाने येतो. त्यातून बाईंचे शब्द वेचता वेचता पोर दमून जाते, आणि जे हाताला लागतं ते लक्षात राहत नाही. 'वही काढ, तारीख घाल, खालचं गणित सोडव' म्हटलं की ती 'सोडव' एवढंच धरून बसून राहते.

शाळेत तिला पालथा घडा म्हणायचे. शेजारीण म्हणायची, 'लाडावलीय, मुद्दाम कानामागे टाकते.' वहिनीने, म्हणजे तिच्या आईने, एक-दोनदा पाठीत धपाटेही घातले आणि मग स्वतःच रडत बसली. माझा दादा, तिचा बाप, काहीच बोलला नाही. काही न बोलणं हा त्याचा जन्माचा धंदाच. आणि मुंगी मान हलवायला शिकली. कळलं का गं? मान. ऐकलंस ना? मान, वर एक हसू. घरात आम्हाला हळूहळू उमगलं, की मान जितकी जोरात हलते तितकं कमी पोचलेलं असतं.

मी आत्या. दादाची धाकटी बहीण, त्याच्याच घरात राहते. लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायला येणाऱ्याला मी चहा देत नाही. कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर बसते. तिथे इतका खडखडाट असतो की आम्ही बायका एकमेकींचे ओठ बघूनच बोलतो. सुपरवायझरची उणीदुणी त्याच्या पाठीमागे उभं राहून, आवाज न काढता काढता येतात. तेवढं एक सुख आहे त्या नोकरीत.

मुंगीच्या दुखण्याला नाव मिळालं ते कानवाल्या मॅडमकडे. तरुण बाई होती, पण शांत. ती म्हणाली, "हिचे दोन्ही हात शब्द झेलण्यातच अडकलेले असतात. झेललेलं खिशात ठेवायला हात मोकळा कुठे राहतो? झेलायचं सोपं केलं की ठेवायला जमेल." इतकी वर्षं आम्ही तिला वेंधळी, धांदरट म्हणत होतो, आणि या बाईने दोन वाक्यांत कोडं सोडवलं. मला तिचा रागच आला आधी. मग बरं वाटलं.

उपाय म्हणजे एक यंत्र. बोलणाऱ्याने गळ्यात छोटा माईक अडकवायचा, मुंगीने दोन्ही कानांत वाटाण्याएवढे रिसीव्हर घालायचे. मग बोलणारा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी त्याचे शब्द थेट तिच्या कानात, गोंगाट वगळून. माईकला आम्ही माळ म्हणायला लागलो. शाळेत बाईंच्या गळ्यात माळ, घरी ज्याला तिच्याशी बोलायचं त्याच्या गळ्यात. पहिल्याच दिवशी वहिनीने माळ घालून स्वयंपाकघरातून सांगितलं, "दुकानातून साबण आण, मीठ आण, आणि येताना इस्त्रीचे कपडे घेऊन ये." पोरगी तिन्ही गोष्टी घेऊन दारात उभी! वहिनी मिठाची पिशवी छातीशी धरून रडली. मिठासाठी रडणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माळेला एक बटण होतं. काम झालं की ते बंद करायचं, हे मॅडमने बजावून सांगितलं होतं. पण बोलायचं संपल्यावर बटण कुणाच्या लक्षात राहतं? एकदा बाई माळेसकट शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि मुंगीला वर्गात बसल्या बसल्या कळलं, की मुख्याध्यापिका केस रंगवतात आणि तरी वय लपत नाही. घरी येऊन तिने ते जसंच्या तसं ऐकवलं, बाईंच्या सुरात. आम्ही हसून हसून लोळलो. दादाही हसला. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्याकडे ते भिंतीपलीकडे बसून गृहपाठ करत होते.

त्या वेळी दादाचं हसणं घशात अडकून खोकल्यात गेलं. खोकला संपेना.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. अख्खं आयुष्य इमारतींच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या विहिरींत गेलं. वर यंत्राजवळ एक माणूस, खाली खड्ड्यात एक माणूस, आणि मधे ओरडणं. 'घे!' 'सोड!' 'थांब!' आवाज बसला तेव्हा सगळे म्हणाले, ओरडून बसलाय. तोही तेच म्हणायचा. गोळ्या चघळायचा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचा आणि कामाला जायचा. मी भांडून भांडून त्याला तपासायला पाठवलं, तेव्हा फार उशीर झालेला नव्हता. पण लवकरही राहिलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं त्या दिवशी मी कारखान्यातून सुटी घेतली. वहिनी मुंगीला शाळेतून घेऊन परस्पर तिथे आली. बाईंकडून घेतलेली माळ तिच्या गळ्यात तशीच होती. रस्त्यात पोरीशी बोलत आली असणार. मुंगीला बाहेर बाकावर बसवलं, हातात चित्रांचं पुस्तक दिलं आणि आम्ही तिघं आत गेलो. दार लागलं. जाड दार होतं, आपोआप मिटणारं. माळेवरचा बारीक हिरवा दिवा वहिनीच्या पदराआड लुकलुकत होता आणि आमच्यापैकी एकालाही त्याची शुद्ध नव्हती.

डॉक्टर सभ्य होते. गाठ स्वरयंत्रावर आहे, म्हणाले. पूर्ण काढावं लागेल. श्वास घ्यायला गळ्याला समोर छिद्र ठेवतील. जीव वाचायची आशा चांगली आहे. नंतर यंत्र लावून बोलायला शिकता येईल, बरेच जण शिकतात. पण हा आवाज राहणार नाही. वहिनीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. दादा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी लहान मुलगी आहे ना? तिला कल्पना दिलीय?"

दादा म्हणाला, "तिला कशाला? तिच्या डोक्यात काही राहत नाही. सांगितलं काय, न सांगितलं काय, सारखंच."

असं बोलला तो. मी त्याची बहीण आहे, मला ठाऊक आहे की तो घाबरला होता. घाबरला की तो कामाच्या सुरात बोलतो. लिफ्ट बंद पडून आत माणसं अडकली असली तरी तो बाहेर उभा राहून 'काही नाही, रिले गेलाय' म्हणेल. पण वाक्य ते वाक्य. वाक्यासोबत त्याचा अर्थ समजावून सांगायला कुणी बहिणीला पाठवत नाही.

मुंगीला सांगायचं नाही असं ठरलं. 'बाबांच्या घशाचं छोटं ऑपरेशन आहे,' एवढंच. तिने मान हलवली.

मग एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, समोर आरसा. मी माळ घातली होती, कारण वेणी घालताना तिला माझे ओठ दिसत नाहीत आणि मला गप्प बसवत नाही.

आरशात बघत ती म्हणाली, "आत्या, बाबांचा आवाज काढून कुठे ठेवणार?"

मी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"डॉक्टरांनी. मला नाही, बाबांना सांगितलं. माळेतून आलं."

आणि तिने सांगितलं. सगळं. डॉक्टरांचं आधी घसा साफ करणं, गाठ, छिद्र, वहिनीचं 'अहो, दुसरा काहीच उपाय नाही का,' माझं 'वहिनी, पाणी घे.' ओळीने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिला तीन वस्तू लक्षात ठेवता येत नव्हत्या त्या पोरीने दहा मिनिटांचं बोलणं पाठ केलं होतं. एखाद्या तपासणीत तिने असं केलं असतं तर कानवाल्या मॅडमने टाळ्या वाजवल्या असत्या. माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी ती दादाच्या वाक्यापाशी आली. ते तिने त्याच्याच बसक्या आवाजात म्हटलं. हुबेहूब. मग म्हणाली, "हे खूप वेळा येतं. गणित करताना पण येतं. माळेतून आलेलं जात नाही."

मी वेणी पुरी केली. दुसरं काय करणार होते? रिबन बांधली, तिला शाळेत सोडलं आणि कारखान्याऐवजी दादाच्या कामावर गेले.

तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. ऑपरेशनच्या आधी हातातलं काम संपवायचं होतं त्याला. छोटीशी खोली, ग्रीसचा वास, मोठं चाक आणि त्यावरून सरकणारे तारेचे दोर. मोटर सुरू होती. मी दारातून ओरडले तरी त्याला कळेना, म्हणून त्याने मोटर बंद केली. खाली कुठल्या तरी मजल्यावर कुणी तरी बटण दाबून दाबून वैतागलं असणार. वैतागू दे, म्हटलं.

"मुंगीने सगळं ऐकलंय," मी म्हणाले. "डॉक्टरकडचं. वहिनीच्या गळ्यात माळ सुरू होती."

तो हात पुसत होता. पुसायचा थांबला. "किती ऐकलं?"

"तू तिच्याबद्दल बोललास तेही."

तो हत्यारांच्या पेटीवर बसला. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "तिला त्रास नको म्हणून बोललो गं. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुला काय म्हणायचं होतं ते जाऊ दे खड्ड्यात. तिच्या डोक्यात तुझ्या आवाजातलं ते एक वाक्य बसलंय. बाकी तू जन्मभर तिच्याशी बोललास काय? बोललास ते तिला पोचलं किती? आता आवाज जाणार. जायच्या आधी त्या माळेतून तिच्या कानात दुसरं काहीतरी घाल. नाहीतर मोठी होऊन म्हातारी होईल ती, आणि बाप आठवला की हेच ऐकेल."

"काय घालू?" त्याने खरंच विचारलं. भाबडेपणाने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला आणखी राग आला.

"ते मी सांगू? बाप कोण आहे तिचा?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दादा माळ घालून बसायचा. मुंगी समोर. आम्ही उगीच आतल्या खोलीत जायचो. आणि आतून ऐकू यायचं, "जेवलीस का?" मग शांतता. "अभ्यास झाला?" शांतता. "शाळेत काय शिकवलं?" मुंगी सांगायची. तो "बरं" म्हणायचा. मग खोकायचा. झालं. आयुष्यभर 'घे, सोड, थांब' यापलीकडे न गेलेल्या माणसाला एकदम बोल म्हटलं तर तो काय बोलणार? वहिनी तर माळेला हातच लावेना. 'माझ्यामुळे झालं' म्हणून तिने ती एकदा कपाटात कपड्यांखाली ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून विचारणा झाली, की मुलगी आज पुन्हा नुसती मान का हलवतेय.

मी न राहवून मुंगीला सांगितलं, "हे बघ, बाबांना तुझ्याशी खूप महत्त्वाचं बोलायचंय. ऑपरेशनच्या आधी बोलतील. नीट ऐक हं." मला वाटलं, मी वाट सोपी करतेय.  मुंगीची मान फार जोरात हलली, आणि तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही वॉर्डात होतो. लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, खिडक्या सताड उघड्या, खाली गाड्यांचे भोंगे. एक यंत्र सारखं टिकटिक करत होतं, कुणीतरी स्टीलच्या बादल्या फरशीवरून ओढत होतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांची सून मोठ्याने कुठल्यातरी भाचीच्या लग्नाची हकिकत सांगत होती. वहिनी खाली कागदांवर सह्या करायला गेली होती. दादाला हॉस्पिटलचा हिरवा सदरा घातलेला. त्यात तो एकदम लहान दिसत होता. गळ्यात माळ. हिरवा दिवा लागलेला. मुंगी खाटेजवळच्या स्टुलावर, केस कानांवरून पुढे ओढलेले.

मी जरा लांब, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐक, मुंगे," आणि सुरू झाला. आवाज म्हणजे नुसता खरखराट होता. पण मला ओठ दिसत होते, आणि ओठांवरून ऐकणं हा माझा रोजचा धंदा आहे.

तो म्हणाला, "मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल जे बोललो ते खोटं आहे. मला ते खोटं आहे हे बोलतानाच माहीत होतं. तुझ्या डोक्यात राहतं. तू लहान असताना मी तुला लिफ्टच्या खोलीत नेलं होतं, तर तू महिन्याने मला विचारलंस, बाबा, ते मोठं चाक झोपलं का? कुणी विचारतं का असं? तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्याशी बोलत नव्हतो कारण मला बोलता येत नाही. दोष तुझ्या कानांचा नाही, माझ्या तोंडाचा आहे."

मुंगीने मान हलवली.

"दुसरं सांगतो. लिफ्ट पडत नाही. लोकांना वाटतं पडेल, पण ती अडकते. अडकली की माणसं घाबरून दार उघडायला जातात आणि जीव गमावतात. तू कधी अडकलीस तर दाराला हात लावू नकोस. घंटा वाजव आणि खाली बस. वर कुणीतरी तुझ्यासाठी निघालेलं असतंच. मी किती जणांसाठी निघालोय, मला माहीत आहे. तुझ्यासाठीही निघेन. आवाज नसला तरी निघेन. आणि आत्याचं फार मनावर घेऊ नकोस. ती नुसती ओरडते, आतून मऊ आहे."

मुंगीने पुन्हा मान हलवली आणि हसली. दादाही हसला. इतकं तो सलग कधी बोललाच नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा मात्र मोकळा झाला होता, मोठं ओझं उतरवल्यासारखा. तेवढ्यात दोघे वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. "चला काका." नर्सने माळ त्याच्या गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. वहिनी धावत जिन्यावरून आली, त्याच्या पायाला हात लावून नुसती चालत राहिली. दार उघडलं, मिटलं. दादाचा आवाज त्याच्यासोबत आत गेला.

मी मुंगीजवळ गेले. तिचे केस कानांमागे सारायला हात पुढे केला, उगीच, माया म्हणून. कान मोकळे होते.

"रिसीव्हर कुठेत?"

तिने फ्रॉकच्या खिशातून हात बाहेर काढला. मुठीत दोन्ही होते, घामाने ओले.

"वाईट सांगतील असं वाटलं," ती म्हणाली. "तू म्हणालीस ना, महत्त्वाचं. महत्त्वाचं म्हणजे वाईटच असतं. माळेतून आलं की ते जात नाही, म्हणून काढून ठेवले. नुसत्या कानांनी ऐकलं. पण त्या काकूंचं लग्नाचंच ऐकू येत होतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती घाबरली. "आत्या, वाईट नव्हतं का?"

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिच्यावर नाही. माझ्यावर, दादावर, त्या लग्नाच्या हकिकतवालीवर, ज्याने ते बटण बनवलं त्याच्यावर. मी त्या मिटलेल्या दाराकडे धावत जाऊन ते बडवलं असतं, तर काय म्हणाले असते? पुन्हा एकदा सांगायचंय म्हणून थांबा? आतापर्यंत त्याला भूल दिली असणार.

"नाही गं बाई," मी म्हणाले. "वाईट नव्हतं. चांगलं होतं."

"काय होतं?"

आम्ही बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेलो. वहिनी दाराशी बसून राहिली. मी मुंगीच्या कानांत रिसीव्हर घातले, माळ गळ्यात घातली, बटण लागलंय याची दोनदा खात्री केली. आणि आत त्याचा गळा कापत होते तेव्हा बाहेर मी त्याचे शब्द बोलले. ओळीने, त्याने म्हटले तसे. खोटं ते, चाकाचं, तोंडाचं, लिफ्टचं, घंटेचं, निघेन ते. आत्याचं ते वाक्यही, दातांवर दात ठेवून. मधे दोनदा माझा आवाज फुटला. ती टक लावून बघत होती, मान अजिबात न हलवता.

मग तिने ते म्हणून दाखवलं. सगळं. एक शब्द चुकला नाही.

ऑपरेशन नीट झालं. दादा जगला. हे मी कमी लेखत नाही, देवाची शपथ. त्याच वॉर्डातले शेजारचे आजोबा नाही जगले. दादाच्या गळ्याला समोर छिद्र आहे, त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथून येतो-जातो, शिंक आली तर तिथूनच. तो आता पाटीवर लिहून बोलतो, आणि गंमत म्हणजे आधीपेक्षा जास्त बोलतो. अक्षर मात्र भयंकर आहे.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा पाटीवर लिहिलं ते मुंगीसाठी. 'लक्षात आहे?'

मुंगी उभी राहिली आणि तिने त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. दादा ऐकत होता. 'ती नुसती ओरडते' इथे तो हसला. हसण्याचा आवाज आला नाही, खांदे हलले आणि जाळीतून हवा फुसफुसली. मग रडला. तेही तसंच. वहिनी म्हणाली, "बघा, म्हणत होता ना राहत नाही?" आणि तिने त्याचा हात धरला. इतकं सुख त्या घरात खूप दिवसांनी आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडला.

कारण मला ऐकू येत होतं. मुंगी 'तोंडाचा आहे' म्हणताना जिथे थांबली, तिथे मी व्हरांड्यात थांबले होते. 'निघेन' म्हणताना तिचा आवाज जिथे फुटला, तिथे माझा फुटला होता. चढणं, उतरणं, दटावणं, सगळं माझं. दादाला ते कळलं नाही. तो स्वतःचे शब्द ऐकत होता.

काही दिवसांनी मी तिची वेणी घालत असताना तिनेच विषय काढला. दादा पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसला होता.

"आत्या, बाबांनी सांगितलेलं सगळं आहे. रोज येतं. पण ते तुझ्या आवाजात येतं."

"चालतं गं. शब्द त्याचेच आहेत ना?"

"हो." ती रिबन बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी बाबांच्या आवाजात आणायला बघते. डोळे मिटून बघते. पण बाबांच्या आवाजात ते जुनंच येतं. तेवढं एकच आहे."

  मी वेणीचे तीन पेड सोडले आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

दादा दारात येऊन उभा होता. आमच्याकडे बघून हसत त्याने पाटी वर धरली. 'काय कुजबुज चाललीय?'

मुंगीने त्याच्याकडे बघितलं, गोड हसली आणि जोरजोरात मान हलवली.